एकटेपणाला पहिलं बक्षीस

कॉलेज रोडवरच्या फोटोच्या दुकानात माझ्यापुढे साठीचं एक जोडपं उभं होतं.

“शैला, आमच्या कॅमेरा क्लबचा या महिन्याचा विषय होता ‘एकटेपणा’. तुझ्या फोटोला पहिलं बक्षीस मिळालं!”

“माझ्या? कधी काढलात?”

“दवाखान्यात. रिपोर्टची वाट बघत बाकावर बसली होतीस ना, तेव्हा.”

“तेव्हा तुम्ही गाडी लावायला गेला होतात.”

“लावून लगेच आलो. पण खिडकीतून काय सुंदर उजेड पडला होता तुझ्यावर!”

“अर्धा तास मी दाराकडे बघत होते हो.”

“तेच तर परीक्षकांना आवडलं.”

“मग हाक का नाही मारलीत?”

“तू हसली असतीस. फोटो बिघडला असता.”

दुकानदारानं विचारलं, “केवढी प्रिंट काढू, काका?”

“मोठी काढा,” बाईच म्हणाल्या. “हॉलमध्ये लावू. कोणी विचारलं तर सांगेन, हेही तिथंच होते.”