उलट्या तोंडाची सीट

(परभणी. निजामाविरुद्धच्या पोलीस ॲक्शनला सहा-सात वर्षं झाली आहेत. कापडाचा धंदा आता बंद केलेल्या बन्सीधरशेटच्या अंगणात, कडुलिंबाखाली, त्याची जुनी व्हॅन उभी आहे. ती विकत घ्यायला झरीहून बिरू आणि त्याची माय भागूबाई आलेत. भागूबाई व्हॅनच्या तोंडाशी उकिडवी बसली आहे.)

बन्सीधर : बाई, तिथं दात नाहीत.

भागूबाई : मग हे काय हाय, उभं उभं?

बन्सीधर : जाळी आहे ती. तिच्यामागं पाणी असतं.

भागूबाई : म्हणजे पाणी पिती. आन् दात न्हाईत. मग वय कशावरून बघावं?

बन्सीधर : वय मी सांगतो ना.

भागूबाई : विकणारानं सांगितलेलं वय मी आजवर धरलं न्हाई, भाऊ. तुमी माणूस बरे दिसतात, पर न्हाई धरलं.

बिरू : माय, उठ तिथून. शेट, तिचं मनावर घेऊ नका. सारी हयात मेंढरं पारखण्यात गेली तिची.

बन्सीधर : बिलकूल नाही घेत. ही लष्कराची होती. महायुद्ध संपलं, लिलावात निघाली, मी उचलली. सुताराकडून आत फळ्या मारून घेतल्या. बाजाराच्या दिवशी कापडाचे गठ्ठे, सणावाराला घरची मंडळी. दुकान आणि कुटुंब एकाच मोटारीत.

बिरू : आमाला तेच पायजे. बाजाराला सायकली, आन् संगं सारं बिऱ्हाड.

बन्सीधर : सायकली?

बिरू : पाच हायत. बाजारात घंट्याच्या किरायानं देतो. पोरं चालवतात, पडतात, पुन्हा किराया देतात. धंदा बरा हाय. नेण्याचीच तकलीफ. मी एकीवर बसतो, दुसरी हातात धरतो. धाकटा भाऊ भुजंग बी तसाच. पाचवी बैलगाडीत टाकावी तर बाजार उठल्यावर पोचती.

भागूबाई : ती लंगडी.

बन्सीधर : कोण लंगडी?

बिरू : पाचवी सायकल. पायडल वाकडं हाय तिचं. मायनं सगळ्यांला नावं ठेवलीत.

भागूबाई : काळी, बांडी, लंगडी, मुकी आन् येडी.

बन्सीधर : मुकी?

बिरू : तिला घंटी न्हाई.

बन्सीधर : आणि वेडी का?

बिरू : आज आलो की तिच्यावर, ती बघा भिताडाला लावलेली. हात सोडला की झरीकडं वळती. कुठंबी असो, घराकडंच तोंड.

भागूबाई : उगं तिला येडी म्हणतात. पाचांत तेवढी एकच शहाणी हाय.

बन्सीधर : मग ही व्हॅन तुमच्यासाठीच बनली आहे म्हणा.

भागूबाई : ते मी ठरवीन. हिच्यात सायकली बसतील. सून बसंल, लेकरं बसतील. मला एवढंच सांगा, म्हातारी कुठं बसंल?

बिरू : टपावर.

भागूबाई : ऐकलं का शेटजी?

बिरू : दोरीनं बांधू, माय. पडायची न्हाईस.

भागूबाई : ह्याचा बाप होता तव्हा आमी मेंढरं घेऊन रानोरान फिरायचो. एका घोड्यावर भांडी, कोंबड्या, कोकरं आन् ह्यो बिऱ्या. कोंबड्यांपेक्षा ह्योच जास्ती ओरडायचा. त्या घोड्यानं कव्हा म्हणलं न्हाई, जागा न्हाई म्हणून. मी पायी असायचे, पर संगं असायचे. आता हे सगळे मोटारीत बसून जाणार, आन् मी दारात बसून कुत्रं राखायचं.

बिरू : शेट, ही तिसरी मोटार हाय. पहिली एका दवाखान्याची होती. माय म्हणली, आजारी हाय, नको.

भागूबाई : वास येत होता.

बिरू : दुसरीला मागं जाळी होती. माय म्हणली, खुराडा हाय, नको. खरं कारण सांगू का? दोन्हीत तिनं आधी बूड टेकायला जागा बघितली. न्हाई मिळाली. मग मोटारीत खोट निघाली.

भागूबाई : मग? तुझं बूड कुठं टेकतंय ते तू न्हाई का बघत?

बन्सीधर : बाई, मागलं दार उघडतो. तुम्हीच बघा.

बिरू : अरं तिच्या! हे बाकडं उलटं बसवलंय की. सुतार पिऊन आला होता का काय?

बन्सीधर : पिऊन नव्हता. मीच सांगितलं होतं. आमच्या पत्नीची, कमलबाईंची सीट आहे ती. त्यांना समोरचा रस्ता बघवत नसे. समोरून बैलगाडी आली की त्या ओरडायच्या. त्या ओरडल्या की मी दचकायचो. मी दचकलो की बैल दचकायचे.

भागूबाई : मग?

बन्सीधर : मग सीट उलटी बसवली. समोरून काही आलं की मी नुसतं सांगायचो, त्या डोळे मिटायच्या. ते मागं गेलं की उघडायच्या. म्हणायच्या, मागं जे दिसतं त्यातून आपण वाचलेले असतो.

भागूबाई : बाई कुठं हायत आता?

बन्सीधर : त्यांना जाऊन दोन वर्षं झाली. तेव्हापासून मोटार लिंबाखालीच आहे. एकटा माणूस बसून कुठं जाणार? आठवड्यातून एकदा चालू करतो, जागच्या जागी.

बिरू : शेट, मी सायकलीच्या मापाची सुतळी आणलीय. जरा धरा तिकडून. हं. काळी बसली, बांडी बसली, मुकी, येडी… आन् लंगडीची गोम हाय. ही सीट काढली की लंगडी बी बसंल.

बन्सीधर : सीट निघत नाही.

बिरू : चार तर खिळे हायत.

बन्सीधर : बिरू, मागच्या आठवड्यात नांदेडहून एक तेलवाला आला होता. डबे ठेवायला सीट काढतो म्हणाला. मी त्याला चहा पाजला आणि परत पाठवला. तुला अजून चहा विचारलेला नाही, हे ध्यानात घे.

भागूबाई : सरका दोघं. मला चढू द्या.

बिरू : माय, सांभाळून.

भागूबाई : सांभाळायला काय झालं? बाकडंच हाय… बरं हाय. पाठीला टेकायला बी हाय. मेंढरामागं चालताना असंच बघावं लागायचं, कोण मागं राहिलं, कोण कुणाच्या ज्वारीत घुसलं. बिऱ्या, तांब्या आण.

बन्सीधर : तहान लागली का, बाई?

भागूबाई : मला न्हाई. हिच्या अंगावर शिंपडायचं हाय. आमच्यात जनावरावर पाणी टाकतात. त्यानं अंग झाडलं की देवाला कबूल.

बन्सीधर : आणि कबूल झाल्यावर?

बिरू : बोकड असला तर कापतो.

बन्सीधर : तांब्या खाली ठेव, बिरू.

भागूबाई : मोटार कोण कापतंय, भाऊ? घ्यायची म्हणून इचारायले.

बन्सीधर : पण लोखंड अंग कसं झाडणार?

भागूबाई : त्या दोन्हींनी न्हाईच झाडलं. म्हणून तर घेतल्या न्हाईत.

बिरू : त्या बंद होत्या, माय!

बन्सीधर : असं आहे होय? मग थांबा. आधी हँडल मारतो… झाली चालू. बाई, टाका पाणी!

बिरू : शेट! शेट, दार निघालं!

बन्सीधर : निघत नाही, नुसतं हलतं! धरून ठेव!

बिरू : आन् ही नंबराची पाटी?

बन्सीधर : ती पडू दे! दर वेळी पडते!

भागूबाई : बास म्हणा तिला! बास! देवाला कळलं!

बिरू : दात वाजायलेत माझे अजून.

भागूबाई : एवढं अंग तर आमच्या खंडोबाच्या बोकडानं बी झाडलं न्हाई कव्हा. भाऊ, उपरणं काढा. हातावर टाका.

बन्सीधर : आता हे कशाला?

बिरू : भाव ठरवायला. उपरण्याखाली बोटं धरायची. तोंडानं बोलायचं न्हाई, जनावर ऐकतंय.

बन्सीधर : ऐकलं तर काय होतं?

बिरू : भाव ऐकला की फुगतंय.

बन्सीधर : बरं. धर… एवढंच? बिरू, ही मोटार आहे, शेळी नाही.

बिरू : मग हे घ्या.

बन्सीधर : हां. आता माणसासारखं बोललास… आणखी एक? मेहेरबानी. मी तर मागितलंसुद्धा नव्हतं.

बिरू : म्या न्हाई दिलं.

बन्सीधर : मग हे वाकडं बोट कुणाचं?

बिरू : माय! हात काढ बाहेर!

भागूबाई : हात काढते. बोट राहू दे.

बिरू : तू कुणाच्या बाजूनं हायस?

भागूबाई : सीटच्या. ते बोट सीटचं हाय. खिळ्याला हात लावायचा न्हाई कुणी.

बन्सीधर : बाई, उपरण्याखालचा सौदा मोडता येत नाही ना?

भागूबाई : मोडला तर जनावर दूध देत न्हाई.

बन्सीधर : मग कबूल.

बिरू : आन् लंगडी कुठं ठेवू मी? डोक्यावर?

भागूबाई : टपावर. दोरीनं बांध. पडायची न्हाई.

बन्सीधर : घे बिरू, मालक झालास. बस पुढं… असा नाही. पाय खाली. मोटार चालवलीस ना याआधी?

बिरू : सायकल येती.

बन्सीधर : मी मोटारीचं विचारतोय.

बिरू : शेट, सायकलला दोनच चाकं, तरी मी पडत न्हाई. हिला तर चार हायत.

बन्सीधर : आणि थांबवशील कशी?

बिरू : पाय टेकवून.

बन्सीधर : भागूबाई, तुम्ही तुमचं बोट परत घ्या. मी चहा ठेवतो.

भागूबाई : चहा-बिहा काही नको. मी ह्या सीटवरून उतरणार न्हाई. भाऊ, जनावर विकलं की आमच्यात विकणारा नव्या दारापातुर संगं येतो. तिथं त्यानं आपल्या हातानं त्याला पाणी पाजायचं, भाकर खायची, मग जायचं. न्हाईतर जनावर रातीतनं जुन्या घरी पळून येतंय.

बन्सीधर : मोटार पळून येत नाही, बाई.

भागूबाई : तुमी कव्हा विकून बघितलीय का?

बन्सीधर : नाही. पहिलीच वेळ.

भागूबाई : मग?

बन्सीधर : आणि बिरूला शिकवायचं कुणी?

भागूबाई : तुमीच. सायकल शिकताना ह्यानं तीन माणसं पाडली, त्यातला एक पाटील होता. ह्याला जितके बाजार लागतील तितके बाजार तुमी या. आज झरी, मग पिंगळी, मग पुढं. सून पिठलं चांगलं करती. मी म्हणले म्हणून तिला सांगू नका.

बन्सीधर : घराला कुलूप लावावं लागेल.

बिरू : किल्ली हाय ना?

बन्सीधर : असेल. लावायचं कामच पडलं नाही बरेच दिवस… हं, लागलं. गंजलं होतं, पण लागलं. आणि रात्री परत कसा येऊ?

बिरू : येडीवर बसून या. तुमाला किराया माफ.

बन्सीधर : तीच ना, हात सोडला की झरीकडं वळते ती?

भागूबाई : वळली तर वळू द्या.

बिरू : येडी आत टाकली. दार धरलं. पाटी मांडीवर घेतली. चला, शेट.

बन्सीधर : सरक बिरू, आज मी चालवतो. बाई, बसलात ना नीट?

भागूबाई : बसले. तुमचा लिंब दिसायलाय. कुलूप बी दिसायलंय. चला तुमी.

बन्सीधर : भागूबाई, समोरून बैलगाडी येते आहे.

बिरू : शेट, मी बघायलोय की इथं बसून. तिला कशाला सांगायलात?

बन्सीधर : सवय आहे.

भागूबाई : सांगू दे रं त्यांना… भाऊ, गेली बघा. आता मागं दिसायली.