तणाची पेंढी

आजच्या सभेचे अध्यक्ष आणि आपल्या मंडळीचे ज्येष्ठ वडील जोतिराम अण्णा, बेळगावहून मुद्दाम आलेले विभागाचे अधीक्षक रेव्हरंड नागेंद्र साहेब, पाहुणे म्हणून नव्हे तर घरचे म्हणून व्यासपीठावर बसलेले आपले शेजारी भावकू आप्पा, ज्यांना आज आपण जड मनाने निपाणीच्या मंडळीकडे पाठवतो आहोत ते आपले पाळक रेव्हरंड समर्थ करडे साहेब, पाळकबाई प्रियदर्शनी, आणि समोर दाटीवाटीने बसलेल्या माझ्या बंधुभगिनींनो, प्रभू येशूच्या नावात सर्वांना माझा सलाम.

मी इंदुमती रणभिसे, महिला मंडळाची सेक्रेटरी. मला थोडक्यात बोला असं सांगितलं आहे. माझ्या आधीच्या चौघा पुरुषांनाही तेच सांगितलं होतं, हे आपण पाहिलंच. तेव्हा अध्यक्षांनी माझ्याकडे पाहून घड्याळ चाचपू नये, एवढी नम्र विनंती.

आधीच्या वक्त्यांनी साहेबांची कामं सांगितली. कंपाउंडची भिंत बांधली, मंदिरावर नवे पत्रे घातले, खानापूरला खेटे घालून नळाचं कनेक्शन आणलं. सगळं खरं आहे. पण भिंत काय, गवंड्यानंही बांधली असती. पाळक कशासाठी असतो? हा प्रश्न मी गेली काही वर्षं मनात घोळवते आहे, आणि त्याचं जे उत्तर मला मिळालं ते सांगायलाच उभी राहिले आहे. त्यासाठी मला माझ्या धाकट्या जावेची, गुणाबाईची गोष्ट सांगावी लागेल. ती तिथं मागं, खांबाला टेकून बसली आहे. काल रात्री मी तिची परवानगी घेतली. ती म्हणाली, "सांग की. पर वाढवून सांगू नगस." म्हणजे आता मला वाढवताही येणार नाही.

अधीक्षक साहेबांना ठाऊक नसेल म्हणून सांगते. आपल्या वाडीत हंगामाच्या सणाची एक रीत आहे. भात कापणी झाली की रविवारी सगळी मंडळी पहिली पेंढी घेऊन मंदिरात येते. अण्णा दारात उभे राहतात आणि वरच्या आळीपासून एकेक घर पुकारतात. घर पुकारलं की घरच्यानं मोठ्यानं म्हणायचं, "हाय, त्याच्या दयेनं," आणि पेंढी पुढं नेऊन ठेवायची. अण्णांना सगळी घरं तोंडपाठ आहेत. मंदिरावरच्या कर्ण्यातून ते पुकारणं पार गुंजी स्टेशनाच्या वाटेपर्यंत ऐकू जातं. आणि घर पुकारलं जातं ते कर्त्या पुरुषाच्या नावानं. हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवा.

गुणाचा नवरा लवकर गेला. एकच मुलगा, शामू. लग्नानंतर कितीतरी वर्षांनी, देवाजवळ रडून मागून घेतलेला, म्हणून नावही शास्त्रातल्या तशाच मागून घेतलेल्या मुलाचं ठेवलं होतं, शमुवेल. मिसरूड फुटलं तसं अण्णा त्या घराला 'शामूचं घर' म्हणून पुकारायला लागले. बेळगावात फौंड्रीत कामाला जायचा, आणि लावणीला रजा काढून चिखलात उतरायचा. त्या वर्षीही रजा मंजूर झाली होती. भाताची रोपं वाफ्यात तयार होती. रजेच्या आदल्या संध्याकाळी घरी येताना, पावसात, मोटारसायकल घसरली. पुढचं मी बोलत नाही.

आपले साहेब तेव्हा नवीनच आले होते. शिकलेले, आवाज खणखणीत, उपदेश तासाभराचा. साहेब, हसू नका, तासाभराचाच असायचा. मातीनंतर तिसऱ्या दिवशी ते गुणाकडं आले, शास्त्र उघडलं, प्रार्थना केली, आणि आपण सगळे अशा वेळी जे बोलतो तेच बोलले. "गुणाबाई, देवाला आवडला म्हणून त्यानं नेला."

गुणानं मान वर केली. म्हणाली, "मलाबी आवडत हुता की, साहेब."

आणि मग म्हणाली, "आता उठा. माझ्या घरात पुन्यांदा शास्त्र उघडू नका."

त्या दिवशी तिच्या घरात शंभर माणसं होती आणि कुणाला चहाचा कप खाली ठेवायचंही धाडस झालं नाही. साहेब उठले, चपला घातल्या आणि गेले. मला वाटलं, हा माणूस आता या दारात यायचा नाही. दुसरा असता तर आला नसता. शिवाय तिच्यावर एखादा उपदेशही झाडला असता.

गुणानं मंदिर सोडलं. लावणीला सगळी वाडी यायला तयार होती. तिनं बांधावर उभं राहून सांगितलं, "माझ्या रानात कुणी पाय ठेवायचा न्हाय." रोपं वाफ्यातच पिवळी पडली. सगळ्या शिवारात हिरवं भात डोलत होतं आणि मधेच तिचं रान तणानं भरलेलं. मी रोज खिडकीतून ते बघायची आणि मला तिचा राग यायचा. दुःख कुणाला नाही हो? पण खाचर का टाकून द्यायचं? असं मला वाटायचं.

साहेब मात्र दर गुरुवारी यायला लागले. आत जायचे नाहीत. कट्ट्यावर बसायचे. शास्त्र पिशवीतच ठेवायचे. ती बोलायची नाही, हेही बोलायचे नाहीत. अर्धा-पाऊण तास बसून निघून जायचे. पहिल्या पहिल्यांदा वाडीत चर्चा झाली. पगार घेतात आणि कट्ट्यावर बसतात, असंही एकजण म्हणाला. तो आज दुसऱ्या रांगेत बसला आहे, नाव घेत नाही.

एका गुरुवारी म्हशीनं दावं तोडलं. साहेब शहरातले, बेळगावच्या कॅम्पात वाढलेले. म्हैस धरायला गेले ते मागच्या बाजूनं. पुढं काय झालं ते त्यांच्या पांढऱ्या पॅन्टनं सांगितलं. ते शेणात बसलेले असताना घरातून आवाज आला, "मागनं जाऊ नका वो, लाथ मारतीया!" बांधावरच्या त्या दिवसानंतर गुणा पहिल्यांदा कुणाशी तरी आपणहून बोलली होती. साहेब, तुमच्या सगळ्या उपदेशांपेक्षा त्या म्हशीनं मंडळीची जास्त सेवा केली असं मी म्हटलं, तर अधीक्षक साहेबांनी कृपया नोंद घेऊ नये.

मग हंगामाचा सण आला. आणि आपली चूक झाली.

ती चूक मायेची होती, म्हणून जास्त लागली. आदल्या बैठकीत प्रश्न निघाला, गुणाचं घर पुकारायचं कसं? 'शामूचं घर' म्हणणार? जिभेवर येईना. नवऱ्याच्या नावानं? तोही जाऊन किती वर्षं झाली. आणि पुकारलं तरी ती येणार नाही, पेंढी आणणार कुठली? ऐकून जखम मात्र उघडी व्हायची. तेव्हा यंदा ते घर वगळावं, असं सगळ्यांनी एकमतानं ठरवलं. साहेबांनीही मान डोलावली. सगळ्यांना हायसं वाटलं.

रविवारी अण्णा पुकारू लागले. आमचं घर झालं. मी पेंढी ठेवून आले. त्यानंतर शामूचं घर यायचं. अण्णा क्षणभर थांबले, आणि थेट पलीकडचं शिवराजचं घर पुकारलं. शिवराज "हाय" म्हणाला, आणि सण पुढं चालू झाला.

पण कर्णा होता ना वर! गुणा आपल्या घरात चुलीपुढं बसून सगळं ऐकत होती. मंदिर सोडलं तरी कान सोडता येतात का? तिनं आमचं घर ऐकलं, अण्णांचं थांबणं ऐकलं, आणि मग शिवराजचं नाव ऐकलं. नंतर मला ती म्हणाली, "पोरगं गेलं तवा मला कळलं पोरगं गेलं. त्या दिवशी कळलं, मीबी गेले."

शेवटचं गीत सुरू होणार इतक्यात दारात गुणा उभी. अंगावर कामाचं लुगडं, पाय पोटरीपर्यंत चिखलानं भरलेले, डोक्यावर भारा. कसला? तणाचा. आपल्या पडीक रानात उतरून, हाताला येईल ते कापून, पेंढीसारखं बांधून आणलेलं.

ती म्हणाली, "अण्णा, माझं घर पडलं काय?"

अण्णा, तुम्ही आज अध्यक्ष आहात, पण त्या दिवशी तुमचा चेहरा मी पाहिला आहे.

"पुकारा की," ती म्हणाली. "शामूचं म्हणायला जीभ उचलत न्हाय तर गुणाबाईचं म्हणा. पर पुकारा."

अण्णांनी पुकारलं. "गुणाबाईचं घर!" आपल्या वाडीत बाईच्या नावानं घर पुकारलं गेलं ते त्या दिवशी पहिल्यांदा. आणि गुणानं जबाब दिला, "हाय." नुसतं 'हाय'. 'त्याच्या दयेनं' म्हणाली नाही. कुणी म्हणायला लावलंही नाही.

ती पुढं आली. सगळ्यांच्या सोनेरी पेंढ्यांपुढं तो हिरवा, चिखलाचा भारा घेऊन उभी राहिली. मागून कुणीतरी पुटपुटलं, "तण वेदीपुढं?" साहेब खाली उतरले. त्यांनी तो भारा तिच्या डोक्यावरून स्वतःच्या हातांनी उतरवून घेतला, त्यांचा पांढरा झगा चिखलानं माखला, आणि तो नेऊन सगळ्या पेंढ्यांच्या मधोमध ठेवला. तयार केलेला उपदेश त्यांच्या खिशात होता. तो त्यांनी काढला नाही. ते नुसते तिच्या बाजूला गुडघ्यांवर बसले.

मग गुणा बोलली. आपल्याशी नव्हे. "देवा, यंदा एवढंच आलंया. घे. आणि माझा शामू कुठं हाय ते मला सांग."

मी जन्मापासून प्रार्थना ऐकते आहे. खरं सांगू? ती प्रार्थना ऐकली आणि मला माझ्याच प्रार्थनांची लाज वाटली. किती गोड बोलत होते मी देवाशी, जणू तो तालुक्याचा साहेब आहे! ज्यानं स्वतः वधस्तंभावर टाहो फोडला, त्याच्यापुढं आपण इतकं जपून का बोलतो?

पुढच्या पावसाळ्यात गुणानं लावणी केली. वाडीला रानात येऊ दिलं. साहेबही चिखलात उतरले होते. त्यांनी लावलेली रोपं आम्हाला पुन्हा लावावी लागली, पण ते असो.

तिचं दुःख गेलं का? नाही. आजही संध्याकाळी मोटारसायकलचा आवाज आला की ती दाराकडं बघते. मी एकदा तिला विचारलं, "गुणा, तुझा विश्वास वाढला म्हणतात गं सगळी. खरं काय?" ती भांडी घासत होती. म्हणाली, "मला काय म्हाईत, आक्का? आदी काम असलं की देवाकडं जायची. आता काय काम न्हाय, तरी जाते."

आणि भावकू आप्पा, तुम्हाला तर हे माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. तुमची अंबुबाई गेली तेव्हा तुमच्या कट्ट्यावर रोज येऊन कोण बसत होतं? तुमचा देव वेगळा, आमचा वेगळा, असं काही गुणा म्हणाली का? काही बोललीच नाही. दूध तापवून ठेवायची आणि बसायची. आज या पंचक्रोशीत कुणाच्या घरी दुःख झालं, की लोक गुणाबाईला निरोप धाडतात. कट्ट्यावर बसणं ती कुणाकडून शिकली, हे मी सांगायला नको.

पण साहेब, तुम्हीही तिच्याकडून शिकलात. तासाभराचा उपदेश पंधरा मिनिटांवर आला. त्याबद्दल मंडळी तुमची आणि गुणाबाईची, दोघांचीही ऋणी आहे. निपाणीच्या मंडळीला आम्ही तयार झालेला पाळक देतो आहोत. आमच्याकडं आला तेव्हा कच्चा होता.

आता शेवटचं. काल परवानगी देताना गुणानं एक अट घातली. ती म्हणाली, "आक्का, इतकी वरसं अण्णा सगळी घरं पुकारत्यात. पाळकाचं घर कधी पुकारलंय काय?" मी विचारात पडले. खरंच की! पाळकाला शेत नाही, पाळक बदलून जाणारा, म्हणून त्याचं घर आपण कधीच पुकारलं नाही. तिच्यासारखंच वगळलं. फक्त तिचं एकदा वगळलं, आणि यांचं दर वर्षी. तेव्हा महिला मंडळाच्या वतीनं मी असं मांडते, की या हंगामापासून पाळकाचं घर पुकारावं. साहेब निपाणीला असले तरी त्यांचं पुकारावं. जबाब कोण देणार, हे मी तिला विचारलं. ती म्हणाली, "मी देते की."

मला बोलायची संधी दिलीत याबद्दल आयोजकांचे आभार. बोलण्याच्या भरात कुणाला टोचलं असेल, अण्णांना, अधीक्षक साहेबांना, दुसऱ्या रांगेतल्या त्या भावाला, तर घरची आक्का बोलली असं समजून पोटात घाला. उणंअधिक झालं असेल ते देवानं सावरून घ्यावं.

आणि अण्णा, हंगाम अजून लांब आहे, साहेब उद्या पहाटे निघणार. एवढं एकदा अध्यक्षांच्या खुर्चीवरून उठा आणि दारात जाऊन पुकारा. गुणा, आज तू गप्प बस.

साहेब, आज जबाब तुम्ही द्यायचा.