मालिनीबाईंचं मौन

श्रावणातला तिसरा सोमवार. सकाळचे आठ वाजून दहा मिनिटं. सिद्धाच्या डोंगरावर, देवळाच्या अलीकडच्या चढणीवर, मालिनी घाडी धुक्यात दिसेनाशी झाली. मंडळी, घटना एवढीच. आता प्रश्न ऐका — देवाला दिलेला शब्द मोठा, की माणसाच्या हाकेला दिलेली ओ मोठी? आजच्या कीर्तनात उत्तराची घाई नको. आधी डोंगर चढू.

यशवंत घाडी पुढे, बायको मागे. गेली एकतीस वर्षं हाच क्रम — म्हणजे असं यशवंतरावांना वाटतं. त्यांनी वळून पाहिलं, तर मागे पांढरं धुकं. वाट जेमतेम हातभर, आणि उजवीकडे दरी.

"मालिनी! अगो मालिनी!"

तेवढ्यात मागून पाचसहा तरुणांची तुकडी आली. पाठीवर सॅक, खांद्यावर दोर. त्यांची म्होरकी रेवती. ती म्हणाली, "काका, जागचे हलू नका. नुसत्या हाका मारा. त्यांनी ओ दिली की आवाजाच्या रोखानं आम्ही जाऊ."

"ती ओ देणार नाही."

"का? ऐकू कमी येतं?"

"मौन आहे तिचं. पायथ्यापासून देवळापर्यंत."

"काका, मौन? आत्ता?"

हसू नका, पेटीवाले. मालिनीबाईंची लेक कुंदा आठव्या महिन्यात. पहिलं मूल हाती लागलं नव्हतं. या वेळी सुखरूप सुटका व्हावी म्हणून आईनं नवस बोलला — देवाचं दर्शन होईतो तोंडातून शब्द काढणार नाही. एक शब्द गेला, तर लेकीचं काय होईल? ही भीती घेऊन ती बाई चढत होती.

आणि होती कुठे? वाटेखाली वीसेक फुटांवर. पाय घसरला, दोन्ही हातांनी कारवीचं झुडूप धरलेलं. टाळी वाजवायला हात मोकळा नाही. नवऱ्याची प्रत्येक हाक ऐकू येतेय, आणि बाई ओठ मिटून आहे.

यशवंतरावांनी विनवलं. शपथा घातल्या. "तुझ्या वाटणीचा नवस मी फेडीन गो, पण ओ दे." काही नाही. मग ते विचार करू लागले — एकतीस वर्षांत अशी कुठली गोष्ट आहे, जी ऐकून ही बाई कधीच गप्प बसली नाही?

मंडळी, देवाचा धावा सगळेच करतात. यशवंतरावांनी वेगळंच केलं. धुक्याकडे तोंड करून मोठ्यानं म्हणाले, "एक मात्र खरं. कुंदाच्या डोहाळजेवणाला मोदकांच्या कळ्या पाडल्या त्या सुमननं. तुझ्या बहिणीचा हात तुला यायचा नाही."

आणि खालून, उजवीकडून —

"त्या कळ्या माझ्या होत्या! सुमननं नुसतं सारण भरलं!"

"सापडल्या," रेवती म्हणाली, आणि दोर सोडला.

पंधरा मिनिटांत बाई वर. कोपर खरचटलेलं, लुगडं चिखलानं माखलेलं, बाकी धडधाकट. यशवंतरावांना रडू आवरेना. बाईही रडत होती, पण वेगळ्या कारणानं.

"मौन मोडलंत माझं."

"मी? मी तर मोदकांबद्दल बोललो."

"तेच ते!"

पोरांनी तिला मधे घेतलं आणि देवळात पोचवलं. तिथं तिनं गुरवांपुढे सगळं सांगितलं आणि विचारलं, "नवस मोडला का हो?" गुरव म्हणाले, "मी कोण सांगणारा? देवाला विचारू." त्यांनी दोन पाकळ्या पाण्यात भिजवून देवाला चिकटवल्या. उजवी पडली तर देव राजी, डावी पडली तर नाराज.

आता मंडळी, माझं ऐका. मालिनीबाईंनी तोंड मिटलं ते लेकीसाठी. तुम्ही घराघरांत मिटून बसलाय ते कशासाठी? भाऊ भावाला ओ देत नाही, सासू सुनेला देत नाही, आणि नवस तर कुणीच बोललेला नाही. पलीकडचं माणूस कुठल्या झुडपाला धरून लटकलंय, ते बघायला तरी तोंड उघडा. मालिनीबाई बोलल्या म्हणून वर आल्या. माझ्यापुरतं उत्तर मला मिळालं.

देवाचं? साडेदहाला कौल लावला. उजवी पाकळी दोन बोटं घसरली, थांबली. डावी जागची हलली नाही. घाडी नवराबायको दुपारी दीडपर्यंत देवापुढे बसून होते. संध्याकाळच्या आरतीलाही, गुरव सांगतात, दोन्ही पाकळ्या वरच होत्या.