बंबाखूची ओळ

व्हय तेजस्वी, पत्रिका देखणी हाय, पर दीप्तीचे आप्पा तिच्या सत्काराला बेळगावला येणार न्हाईत — न्हाय, तब्येत बरी हाय त्यांची. चहा घे. तू तिच्याबरोबरच शिकतीस, तुला बंबाखू ठावा हाय. पान न्हाय, हिरवा रंग न्हाय, तंबाखूच्या मुळाला डसून वर येतो नि जांभळी फुलं मिरवतो. हितं निपाणीकडं ज्याच्या रानात त्यो फुलला, त्याला लोक नावं ठेवत्यात. ह्यांनी कवा फुलू दिला न्हवता, कोंब दिसला की उपटायचा. आणि लेक म्हणाली, आप्पा, एक ओळ ऱ्हाऊ द्या, बी धरूस्तवर. का? तर हिरवं पान नसलेल्या झाडात तेलं कसली — मेदाम्लं म्हणती, स्टेरॉल म्हणती — त्यातलं तंबाखूचं चोरलेलं किती नि त्यानं सोता केलेलं किती, ते बघायचं हाय. हे म्हणाले, चोराच्या घरात सोताचं काय असणार? पर ठेवली ओळ. लेकीनं मागितलं की न्हाय म्हणता येत न्हाय त्यांना.

बी कसलं, तपकिरीगत. वारं सुटलं, पाणी वाहिलं, गेलं शेजारच्या भरमाच्या रानात. पुढच्या साली त्याचा तंबाखू खुरटला. भरमानं जैन बस्तीत, देवळाच्या पायऱ्यांवर, चार माणसांत इचारलं — बाबगोंडा, तुझ्या रानात बंबाखू बियाला आलाच कसा? आणि हे काय म्हणाले? 'आळस झाला, भरमा.' एवढंच. पोरीचं नाव न्हाय घेतलं. घरी येऊन भिंतीकडं तोंड करून बसले, जेवले न्हाईत.

दीप्तीला? न्हाय सांगितलं. ती फोनवर आनंदानं सांगाय लागली, आप्पा, चोराच्या घरात बी सोताचं गावलं की. बरं झालं म्हणाले, नि फोन माझ्या हातात दिला. आता स्टेजवर ती म्हणणार, बंबाखू माझ्या आप्पांनी राखलेला — आणि खाली भरमाची लेक बसलेली, ती बी तिथंच शिकती. कुठं बघायचं गं त्यांनी?

आता हे तुला कशाला सांगून बसले मी. तिला बोलू नगंस.

आत्ता कुठं गेल्यात? भरमाच्या रानात, दुसरीकडं कुठं — वाकून बंबाखू उपटत्यात. त्यानं बोलावलं न्हाय, हे आपले आपण जात्यात. त्यो बांधावर बसून बघतो. बी लई सालं जगतं म्हणं मातीत, तुमच्याच पुस्तकात हाय ते.

आले बघ. तू मागल्या दारानं जा, पोरी. तुला बघितलं तर त्यांना हसून बोलावं लागंल.