देवळं कुठं पळून जातायत?

...आणि वर बायको विचारते, "देव बघितलात का?" अहो, कसला देव! तुम्हाला सांगतो, माणूस एवढ्या लांब, अंगाची लाही करणाऱ्या उकाड्यात, हजार वर्षांची जुनी देवळं बघायला जातो, एकदा लहानपणी, एकदा केस पिकल्यावर, आणि दोन्ही वेळा देव न बघता घरी येतो, असा माणूस पाहिलाय कधी? बघून घ्या. समोर उभाय तुमच्या!

बरं, लहानपणीचं मी समजू शकतो. लहानपणी बरोबर बाबा होते. बाबा फोटोग्राफर. जिन्याखाली एवढासा स्टुडिओ, मागे काळा पडदा, आणि पडद्याआडून आवाज, "हनुवटी खाली... एवढी नाही हो!... हां, श्वास धरा!" अख्ख्या गावानं बाबांपुढे श्वास धरलेला! आयुष्यात एकदाच त्यांनी आम्हाला सहलीला नेलं, या देवळांना, तर तिथंही तेच. आई बिचारी नवी साडी नेसून गाभाऱ्याकडे निघाली, की मागून हाक, "अगं थांब! देवळं कुठं पळून जातायत? ऊन जातंय! त्या हत्तीपाशी उभे राहा सगळे!" दगडी हत्ती हो, सोंड तुटलेला. आम्ही उभे. ताईची रिबन सुटली... पुन्हा उभे. मला शिंक आली... पुन्हा उभे! फोटो निघेपर्यंत ऊनही गेलं आणि देऊळही बंद झालं.

आता बाबा काही त्या फोटोत नाहीत. कसे असणार? पण ऊन नेहमी पाठीशी घ्यायचं हा त्यांचा नियम, त्यामुळे खाली आमच्या पायाशी बाबांची सावली पडलेली. रुंद खांदे, डोक्यावर टोपी, कोपरं बाहेर. बाबांना फोटोतली सावली म्हणजे अगदी नामुष्की! गिऱ्हाइकाच्या फोटोत आली की कात्रीनं खचकन उडवायचे. हीसुद्धा उडवणार होते, पण आईनं फोटो पदराखाली लपवला आणि स्वयंपाकघरात टांगून टाकला. पुढे बाबा गेले, आणि भिंतीवर लावायला फोटो शोधायला लागलो, तर काय सांगू तुम्हाला... गावाचे फोटो काढणाऱ्या माणसाचा घरात धड एक फोटो नाही! शेवटी ओळखपत्रावरचा मोठा करून लावला. आई त्याच्याकडे ढुंकून बघत नाही. म्हणते, "हे असे कुठे दिसायचे? हे बघ, हे इथे आहेत." आणि बोट सावलीवर.

यंदा त्या भिंतीला ओल आली आणि तिनं फोटो खालून खाल्ला. आम्ही सगळे शाबूत हो, माझी शिंकेच्या बेतातली नाकपुडीसुद्धा शाबूत! सावली तेवढी गेली. आईचं जेवणावरचं लक्षच उडालं. आणि एक दिवस मी पाणी प्यायला उठलो तर मागून माझ्याकडे टक लावून बघत म्हणते कशी, "तुझे खांदे ह्यांच्यासारखे आहेत रे. चल."

झालं! आई, मी आणि माझी कॉलेजातली लेक, पोचलो तिघं त्याच देवळांपाशी. आता झाडांची मुळं देवळांच्या भिंतींवरून उतरलेली, पण हत्ती होता तिथंच. आणि ऊन? तिकडचं दुपारचं ऊन म्हणजे थेट टाळूवर! सावली कुठंय? चपलेखाली! आणि चपला दाराशी काढलेल्या! फरशीवर मी एकदा हा पाय, एकदा तो पाय, असा नाचतोय, आणि तेवढ्यात गाइड, "साहेब, आत चला, हा खांब वाजवला की सूर निघतो!" लेक म्हणाली, "आजी, जाऊया?" तर आई हत्तीच्या कडेला बसकण मारून म्हणाली, "तू ये जाऊन. देवळं कुठं पळून जातायत? आम्ही ऊन कलायची वाट बघतो."

लेक गेली. आम्ही दोघं बसलो. आई म्हणाली, "त्या दिवशी ह्यांनी कॅमेऱ्यामागनं एकदाच मान बाहेर काढली आणि माझ्याकडे बघून हसले. तेवढं काही फोटोत आलं नाही." मला एकदम बाबांची इतकी आठवण आली, सांगतो तुम्हाला, की पायाचे चटके विसरलो.

ऊन कललं. लेक आली, तिचा फोन घेतला, कारण माझ्या फोनमध्ये हत्ती आणि आई सारखेच दिसतात. तर बाबांच्या नेमक्या जागी कचऱ्याची कुंडी! उचलायला गेलो तर फुर्रर्र शिट्टी! रखवालदार! "साहेब, हात नाही लावायचा!" आईनं त्याच्याकडे असं काही बघितलं, की तो स्वतःच कुंडी कवटाळून बाजूला उभा राहिला. मग आई सुरू, "कोपरं बाहेर! पोट आत!" म्हटलं, "आई, सावलीत पोट दिसत नाही." "मला दिसतं!"

आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "श्वास धरा!" आवाज माझा नव्हताच हो. आईनं श्वास धरला. कॅमेऱ्याकडे नाही बघितलं तिनं, पायाशी बघितलं, आणि पदर सावरला.

काढला फोटो! लगेच शिट्टी, देऊळ बंद.

घरी आल्यावर लेकीनं आजीसाठी तो छापून फ्रेम करून आणला. कागद सोडवता सोडवता कौतुकानं सांगते, "बाबा, मधे तुमची सावली आली होती, मी पुसून टाकली. बाकीचे खराब फोटोही उडवले!" तिला बिचारीला कोण सांगणार? फोटो काढताना ती दाराशी चपला शोधत होती, तिला वाटलं, आजीला हत्ती हवाय! आईनं चष्मा लावला. फोटो जवळ धरला, लांब धरला. म्हणाली, "हे कुठं गेले?"

लेक रडकुंडीला आली. आणि आई... आई हसायला लागली! डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसली. "अगं, आजोबांवर गेलीस! त्यांनी तरी दुसरं काय केलं असतं?"

मी जीव मुठीत धरून म्हटलं, "जाऊ आपण पुन्हा. पण सावकाश हं, आई. देवळं कुठं पळून जातायत?"

म्हणाली, "देवळं नाही रे. ऊन जातंय."

भरली बॅग. सध्या रोज सकाळी मी गच्चीवर ऊन पाठीशी घेऊन उभा असतो, कोपरं बाहेर, पोट आत, आणि आई समोर खुर्ची टाकून माझी तालीम घेते. देव काय... बघू पुढच्या खेपेला!