ढेरू ऊर्फ सम्राट

…नाही नाही, त्याचंच नाव घाला म्हणतेय ना मी. प्रदर्शन तुमचं, पोस्टर तुमच्या भिंतीवर लागणार, खालच्या पाटीवर काय लिहायचं एवढंच विचारायला आलात ना — मग लिहा की. ‘सम्राट अक्षर, रेखाटन’, आणि पुढे माझ्या धाकट्या भावाचं नाव. इतकी वर्षं सगळे तेच म्हणतायत, आता मी कशाला मधे तोंड घालू? बसा, चहा घ्या — त्या खुर्चीवर नको, तिचा पाय हलतो. इथे बसा उजेडात, आणि ते पोस्टर धरा माझ्यासमोर. धरा की. बघू दे मला त्याला जरा.

कसं वाटतं तुम्हाला हे अक्षर? — भारदस्त. हां, सगळे हेच म्हणतात. मी सांगते कसं आहे ते. हे उभे दांडे बघा, केवढे जाड, मधे फुगलेले — आणि त्यांना जोडणारी रेघ बघा, केसासारखी बारीक. एवढं पोट आणि काड्यांसारखे पाय. खाली प्रत्येक दांड्याला सपाट पाऊल, दोन्हीकडे बाहेर वळलेलं, चकचकीत बूट घालून फोटोला उभं राहिल्यासारखं. वर टोकाला हा पिळदार आकडा. आणि पोटात ही पांढरी चीर — सदरा घट्ट झाला की दोन गुंड्यांमधून आतलं बनियन दिसतं ना, तशी. अशी चीर कोणी उगाच काढतं का? नाही काढत. समोर कोणीतरी उभं असावं लागतं. — हसलात ना? म्हणजे भेटलात तुम्ही माझ्या भावाला. मिशी पिळत बोलला असेल.

वडिलांचं दुकान होतं, लाकडात मोठी अक्षरं कोरून छापखान्यांना द्यायचं. वडील कोरायचे, मी रेखाटायची, धाकटा गिऱ्हाइकं बघायचा — बोलण्यात पटाईत, ते मान्य आहे मला. वडील गेले, आणि दुःख ओसरायच्या आत दुकानाची पाटी बदलली. तिच्यावर त्याचं एकट्याचं नाव. विचारलं तर म्हणतो, ताई, तू कशाला त्रास घेतेस, घरी बसून हौस म्हणून काढत जा. हौस! दुकानातली निम्मी अक्षरं माझ्या हातची, आणि मला हौस. भांडले का मी? नाही भांडले. घरी आले, दार लावलं, आणि त्यालाच काढायला बसले — बुटांपासून मिशीपर्यंत. एकेका अक्षरात वेगळा उभा केला त्याला — हा जेवून उठलेला, हा गिऱ्हाइकापुढे वाकलेला, हा आरशासमोरचा. नाव ठेवलं ढेरू. मग नेऊन दिलं त्याच्याच हातात, म्हटलं घे, हौस म्हणून काढलंय. तर त्याला इतकं आवडलं — इतकं — की स्वतःच्या नावावर खपवलं, आणि वर त्याला सम्राट म्हणायला लागला. मी उशीत तोंड खुपसून हसले होते त्या रात्री.

आणि चाललं किती ते. सर्कस, कुस्त्या, नाटकं, साबणाची खोकी, सेलचे बोर्ड — जिथे म्हणून ओरडून सांगायचंय तिथे ढेरू. शोकसभेला मात्र नाही चालत. एकानं छापलं होतं, गेलेला माणूस सेलमध्ये काढल्यासारखा दिसत होता. आणि लहान आकारात तर कधीच नाही — बारीक रेघा उडतात, चीर शाईनं भरते, उरतात नुसती पोटं. भावानं मुलीच्या लग्नाची पत्रिका एवढ्याशा ढेरूत छापली, पाहुण्यांना वेळ वाचता येईना. घराच्या फाटकावर ढेरू, गाडीवर ढेरू — आपलंच पोट मिरवत शहरभर हिंडतोय, आणि माहीत फक्त मला. या एका गोष्टीवर मी इतकी वर्षं काढली. नाव नसलं म्हणून काय बिघडलं? — बिघडलं, नाही असं नाही. त्याच्या सत्काराची बातमी वाचली तेव्हा कितीतरी दिवस पेन्सिल हातात धरवली नाही मला. यापेक्षा चांगलं काही झालंच नाही हो पुढे माझ्या हातून. राग होता तोवर हात चालला. पण नाव मागायला गेले तर सांगावं लागणार ना, कोणाला बघून काढलं ते — आणि मग तो ढेरूला फाटकावरून उतरवणार. मग माझ्याकडे राहिलं काय? म्हणून म्हणते, नाव राहू दे त्याला, हसू माझं आहे.

चहा घ्या ना, गार होतोय. — काय? — कोण म्हणालं? त्यानं? त्याला माहीत आहे? — केव्हापासून? … मी नेऊन दिलं त्याच दिवशी ओळखलं. आणि तुम्हाला हसत हसत सांगितलं, ताईनं मला बघून काढलंय म्हणून. मग अक्षर त्याच्या नावावर कसं? — पुन्हा सांगा. सावकाश सांगा. ‘पोट माझं, मिशी माझी, म्हणजे अक्षर माझंच. ताईनं नुसतं गिरवलं.’

थांबा. ते पोस्टर पुन्हा धरा माझ्यासमोर.

…ठेवा ते पोस्टर खाली. पेन आहे ना? मघाचं खोडा, सगळं. रेखाटन — इथे माझं नाव घाला, पूर्ण, वडिलांच्या नावासकट. हो, आता हरकत नाही माझी, आता कशाला असेल. आणि त्याचंही घाला की, त्याला का वगळायचं — खालच्या ओळीत, ‘ज्यांना बघून हे अक्षर काढलं ते’, म्हणून. शेजारी त्याचा फोटो लावा. नुसतं तोंड नको, उभा फोटो, बुटांसकट, सत्काराचा असेलच तुमच्याकडे. अगदी पोस्टरला लागून, म्हणजे येणाऱ्याला एकदा इकडे, एकदा तिकडे बघता येईल. उद्घाटन त्याच्याच हस्ते आहे ना? — असू दे, बदलू नका. रिबीन कापून झाली की फोटोशेजारी उभा करा त्याला, लोकांना बघू द्या निवांत. मी येणार आहे. पुढच्या रांगेत खुर्ची ठेवा माझ्यासाठी. निघा आता तुम्ही, दार ओढून घ्या.