हॅशच्या ओळी

वहिनी : पान उघडतंय हो भाऊजी. पण ते त्यात नाहीत.

मित्र : ते म्हणजे कोण?

वहिनी : तुमचे मित्र. कालपर्यंत होते. आज इंटरनेटवरच्या त्यांच्या नोंदींचं बारावं पान उघडलं, तर नुसत्या इंग्रजी ओळी. एका अक्षराचा अर्थ लागेल तर शपथ.

मित्र : अहो, ते मीच नीट केलं, काल दुपारी. वेबसाइटच्या कामाच्या त्याच्या सगळ्या नोंदी, नवीन कॉम्प्युटर कसा लावायचा, हुकमाची कुठली ओळ कुठे टाकायची, अख्खी चाळीस पानं स्वच्छ केली. नवीन माणसाला झटकन उचलता यावीत म्हणून. वर त्याचं नावही टाकलं. म्हटलं, कळल्यावर तुम्हालाही बरं वाटेल.

वहिनी : आणि मधल्या गप्पा?

मित्र : कसल्या गप्पा?

वहिनी : प्रत्येक ओळीच्या डोक्यावर काहीतरी लिहिलेलं असायचं. ‘इथे घाई केलीस तर दुपार गेली समज.’ ‘हे मला तिसऱ्यांदा विसरायला झालं, काय माणूस आहे मी!’

मित्र : त्या हॅशच्या, म्हणजे # या खुणेच्या ओळी होय. खुणेपुढे जे लिहिलेलं असतं ते कॉम्प्युटर वाचत नाही, सोडून देतो. ते माणसासाठी असतं.

वहिनी : मग?

मित्र : कॉपी करताना लोकांचा गोंधळ व्हायचा. म्हणून... एका फटक्यात काढून टाकल्या. सगळ्या.

वहिनी : परत आणा.

मित्र : वहिनी...

वहिनी : त्यांच्या ऑफिसच्या लॅपटॉपवर असतील की.

मित्र : तो परवाच कोरा करून ऑफिसात आलेल्या नव्या मुलीला दिला. मीच दिला.

वहिनी : पण तिसऱ्या पानावर तर त्यांनी बजावून ठेवलं होतं, ‘काहीही पुसण्याआधी एक प्रत बाजूला काढ, शहाण्या.’

मित्र : तीही हॅशचीच ओळ असणार.

(वहिनी पडद्यावरचं बारावं पान बंद करतात.)

मित्र : तुम्ही हे वाचत होतात, मला खरंच कल्पना नव्हती. तो जाऊन तीन महिने झाले, तुम्ही एका शब्दानं बोलला नाहीत.

वहिनी : सांगायचं काय? चौदा वर्षांच्या संसारात हा माणूस घरी कधी चार वाक्यं सलग बोलला नाही. ‘हं’, ‘बघू’, ‘जेवलीस का?’ संपलं. आणि इथे ओळीओळीला बडबड, थट्टा, स्वतःवरच चिडणं. हाच माणूस का तो, असं वाटायचं. म्हणून पुरवून पुरवून वाचत होते. रोज एकच पान. चाळीस दिवस पुरले असते. अकराच झाली.

मित्र : माझं चुकलं. माझे हात तुटले असते तर बरं झालं असतं.

वहिनी : असं अभद्र बोलू नका. तुम्हाला आठवत असतील ना पुढची? दहा वर्षं शेजारी बसत होतात. थोडंफार सांगा. जसं आठवेल तसं.

मित्र : नाही आठवत.

वहिनी : एखादी तरी ओळ?

मित्र : वहिनी, मी त्या कधी वाचल्याच नाहीत. कुणीच नाही. आम्ही आपली कामाची ओळ उचलायचो आणि पळायचो.

वहिनी : म्हणजे इतकी वर्षं हा माणूस एकटाच बोलत होता?

मित्र : हो.

वहिनी : आणि ऐकणारी मी एकटी. अकरा दिवस.

मित्र : ती अकरा पानं तुम्हाला आठवतात?

वहिनी : तोंडपाठ आहेत.

मित्र : मग सांगा. मी बसतो. एकेक ओळ जिथली तिथे परत लावतो, खुणेसकट.

वहिनी : आणि परत कुणी साफ केलं तर?

मित्र : आता चार ठिकाणी प्रती ठेवीन.

वहिनी : घ्या मग लिहून. पान पहिलं, अगदी वरती. ‘नवीन आलायस ना? घाबरू नकोस. पहिले सहा महिने मीही रोज घाबरूनच घरी जायचो.’

मित्र : ...‘घरी जायचो.’ झालं. पुढे?

वहिनी : थांबा जरा. तेव्हा आमचं लग्न नुकतंच झालं होतं. घरी आले की भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे. मला वाटायचं, मी आवडले नाही त्यांना.